खात्यावर आहे, हातात नाही

सहलीला निघालेल्या घरात हल्ली पहिला प्रश्न असतो मोबाईलच्या नेटवर्कचा आणि दुसरा जेवणाचा, म्हणजे हलाल मिळेल की नाही याचा. पैशाचा प्रश्न फारसं कुणी काढत नाही. कार्ड आहे म्हणजे पैसा आहे, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. आमच्या घरात मात्र तो प्रश्न अब्बांनी काढला, आणि त्यातून आम्हाला एक गोष्ट नीट समजली. पैसा खात्यावर असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. या दोन्हींमधल्या अंतराचं भाडं द्यावं लागतं आणि ते बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत गरजू माणसाच्या वाट्याला येतं.

आम्ही शहापूर तालुक्यातले. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांची धाकटी बहीण, आमची फुफी, मुरबाडला असते. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. शिलाईच्या मशीनवर तिने दोन मुली वाढवल्या आणि उजवल्या. आमचा धाकटा भाऊ दुबईत नोकरीला आहे. त्याने हिवाळ्यात सगळ्यांना बोलावलं आणि दुबईहून मस्कतला जाऊन परत येणाऱ्या एका मोठ्या पर्यटन जहाजाची तिकिटं काढली. अब्बा, अम्मी, फुफी आणि आम्ही नवरा-बायको असे पाच जण इकडून जाणार होतो. फोनवर भाऊ म्हणाला, "अब्बा, जहाजावर एक पैसा लागत नाही. सगळं माझ्या कार्डावर."

अब्बा म्हणाले, "तुझं कार्ड तुझ्याजवळ राहू दे. माझ्या खिशात काय असेल ते मी ठरवतो."

भाऊ खोटं बोलत नव्हता. पर्यटन जहाजावर खरोखरच नोट चालत नाही. चढताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. खोलीची किल्ली तेच, ओळखपत्र तेच आणि उधारीची वहीही तेच. चहा, सरबत, दुकानातली खरेदी, डॉक्टरची तपासणी, सगळं त्या कार्डावर मांडलं जातं आणि शेवटच्या दिवशी बिल हातात येतं. मागे बँकेचं कार्ड जोडलेलं असतं, त्यातून रक्कम वळती होते. खोली साफ करणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या कामगारांची बक्षिसीसुद्धा बहुतेक कंपन्या दर माणशी दर दिवशी ठरावीक दराने आपोआप लावतात. पाकीट काढायची वेळच येत नाही. पण जोडलेलं कार्ड ज्याचं, त्याची ही सोय. बाकीच्यांनी त्याला विचारायचं.

आमच्या भागातल्या वाचकांना ही पद्धत अगदी नवी वाटू नये. मुरबाड तालुक्यातल्या धसई गावाची गोष्ट अनेकांना आठवत असेल. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतर महिन्याच्या आतच, 1 डिसेंबरला, धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार स्वतः आले होते. बँक ऑफ बडोदाच्या मदतीने दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रं दिली गेली. वडापाव, भाजी, किराणा सगळं कार्डावर, असे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. धसईची बाजारपेठ आसपासच्या वाड्या-पाड्यांची बाजारपेठ आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाकडे कार्ड होतं असं नाही, आणि ज्याच्याकडे होतं त्याच्या यंत्राला रेंज असेलच असंही नाही. पुढे वार्ताहर तिथे पुन्हा गेले तेव्हा व्यवहार बराचसा रोखीवर परतल्याच्या बातम्या आल्या.

धसईच्या लोकांनी काही बिघडवलं, असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्याकडे मागे फिरायला रस्ता होता. यंत्र चाललं नाही तर नोट काढता येत होती. समुद्रात जहाजावर तो रस्ता नसतो.

फुफीच्या बाबतीत तेच झालं. ती मुरबाडहून निघताना पाच हजार रुपये बटव्यात घेऊन आली होती. रुपये देशाबाहेर नेण्यात गैर काही नाही. भारतात राहणाऱ्या माणसाला माणशी 25,000 रुपयांपर्यंत भारतीय नोटा बाहेर नेता येतात. पण जहाजाच्या काउंटरवर रुपया बदलून मिळत नव्हता. डॉलर, युरो अशी चार-दोन चलनंच ते घेत होते. तिचं बँकेचं कार्ड जनधन खात्याचं, देशातच चालणारं. म्हणजे बटव्यात पैसे होते, खात्यावरही होते, आणि जहाजावर फुफी कफल्लक होती.

पहिल्या दिवशी आमच्या लक्षात आलं नाही असं काही नव्हतं. ती प्रत्येक गोष्टीला "मला काही नको" म्हणत होती. चहा हवा का? नको. वर डेकवर कुल्फी मिळते, घेऊ या? नको. दुकानात नातीसाठी काही बघायचं? नको. आपल्या घरातल्या बायकांचं हे "मला काही नको" आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आपण त्याला साधेपणा म्हणतो, सब्र म्हणतो. कित्येकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की मागायला नको वाटतं. जी बाई तीस वर्षं स्वतःच्या कमाईवर जगली, तिने भाच्याच्या कार्डावर एक कप चहा मांडायचा तरी त्याला आधी सांगायचं. भाचा हसून हो म्हणणार, याची तिला खात्री होती. तरी तिला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अम्मीला म्हणाली, "खोली झाडायला येतो तो पोरगा रात्री बारापर्यंत राबतो. त्याच्या हातावर काही ठेवलं असतं."

अम्मी म्हणाली, "बिलात लागतं ना ते."

"बिलात लागतं ते तुझ्या मुलाचं. माझं काय लागलं?"

एवढं ऐकल्यावर आम्ही जहाजावर रोख पैसे मिळण्याच्या वाटा शोधायला बसलो. आमच्याजवळ डॉलर होते, ते कसे याचं पुढे सांगतो. पण इथे खरोखर काय काय सोय आहे आणि तिला किती पडतं, हे बघायचंच असं अब्बांनी ठरवलं. जन्मभर हिशेब शिकवलेला माणूस. त्यांनी वही काढली.

पहिली वाट म्हणजे जहाजावरचं एटीएम. मोठ्या जहाजांवर एखाद-दुसरं यंत्र असतं आणि त्यातून बहुधा डॉलर निघतात. प्रत्येक वेळी यंत्राची फी साधारण 5 ते 7 डॉलर लागते. शंभर काढा नाहीतर तीनशे, फी तीच. ती यंत्राच्या मालकाची. मग आपली बँक आपला वाटा घेते. परदेशात पैसे काढल्याबद्दल बऱ्याच बँका दर वेळी सव्वाशे-दीडशे रुपये लावतात. चलन बदलल्याबद्दल साडेतीन टक्क्यांपर्यंत वेगळे, आणि या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी.

अब्बांचा हिशेब असा होता. सोपं जावं म्हणून डॉलर 85 रुपयांचा धरू आणि यंत्राची फी 6 डॉलर. शंभर डॉलर काढले तर खात्यातून 106 डॉलर जाणार, म्हणजे 9,010 रुपये. त्यावर साडेतीन टक्के 315 रुपये, त्याचा जीएसटी 57 रुपये. बँकेची ठरावीक फी 125 रुपये, ती करासह साधारण 148. एकूण 9,530 रुपये. शंभर डॉलरची किंमत होती 8,500. म्हणजे 1,030 रुपये फक्त नोटा हातात येण्याचे. शंभराला बारा रुपये पडले. तेच एकदम तीनशे डॉलर काढले तर वरखर्च सुमारे 1,730 रुपये, म्हणजे शंभराला सात रुपयांच्या आत. थोडे पैसे काढणाऱ्याला जास्त दर आणि जास्त काढणाऱ्याला कमी. गरिबाने किराणा पावशेर-पावशेर आणावा आणि तो महाग पडावा, तसंच हे.

दुसरी वाट क्रेडिट कार्डाने रोख काढण्याची. इथे आपल्या घरांनी विशेष जपून राहावं. क्रेडिट कार्डावर वस्तू घेतली तर बिलाच्या तारखेपर्यंत मुदत मिळते. रोख काढली तर ती मुदत नसते, काढल्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. शिवाय रोख काढण्याची वेगळी फी, साधारण अडीच टक्के आणि तीही किमान काही शे रुपये. ठरावीक फी हा सेवेचा मोबदला असतो. दिवस जातील तशी वाढत जाणारी रक्कम हा सूद असतो. एटीएमच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरी वाट आम्हाला काउंटरवरच्या मुलीने सांगितली, तीही अगदी सहज. जहाजाच्या कॅसिनोच्या गल्ल्यावर खोलीचं कार्ड दाखवलं की रोख मिळते. रक्कम खोलीच्या बिलात लागते, वर साधारण 3 ते 5 टक्के. अब्बांनी तेही मांडून पाहिलं. शंभर डॉलरला 5 टक्के धरले आणि पुढे बँकेचे साडेतीन टक्के व कर धरला, तरी वरखर्च सुमारे 790 रुपये येत होता. एटीएमपेक्षा स्वस्त! यंत्राची फी जड ठेवायची आणि जुगाराच्या टेबलाशेजारचा गल्ला स्वस्त ठेवायचा, यात कंपनीचा हिशेब पक्का आहे. तिथे गेलेली नोट तिथेच राहावी, हीच त्यांची इच्छा. अब्बांनी त्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, "हा दरवाजा आपला नाही. अडीचशे रुपये वाचवायला तिथे रांगेत उभं राहायचं नाही."

चौथी वाट म्हणजे बंदरावर उतरून पैसे काढणं. तिथल्या बँकेच्या यंत्राची फी जहाजापेक्षा कमी असू शकते, पण आपल्या बँकेचे आकार तेच राहतात. या सगळ्या यंत्रांवर एक प्रश्न पडद्यावर येतो की रक्कम रुपयांत कापायची की तिथल्या चलनात? रुपये वाचून आपल्याला बरं वाटतं, बोट तिकडेच जातं. पण रुपयांत कापली तर भाव यंत्रवाला ठरवतो आणि तो बहुतेक वेळा महाग असतो. तिथलंच चलन निवडावं.

पाचवी वाट फार जणांना माहीत नसते. बऱ्याच जहाजांवर कार्ड न जोडता रोख अनामत ठेवून खोलीचं खातं उघडता येतं. शंभर-दोनशे डॉलर भरायचे, खर्च त्यातून वजा होतो आणि उरलेली रक्कम शेवटी परत मिळते. ज्यांच्याकडे परदेशात चालणारं कार्ड नाही त्या वडीलधाऱ्यांसाठी ही सोय चांगली. खातं आपलं, सही आपली, कुणाला विचारायचं नाही. डेबिट कार्ड जोडण्यापेक्षाही ही बरी, कारण कंपनी डेबिट कार्डावरची रक्कम अडकवून ठेवते आणि सहल संपल्यावरही ती मोकळी व्हायला काही दिवस लागतात.

या सगळ्या वाटा महाग का, याचाही विचार करायला हवा. समुद्रात बँकेची शाखा नाही. यंत्रात नोटा भरायच्या तर बंदरावरच, पहाऱ्यात. यंत्राचं बँकेशी बोलणं उपग्रहामार्फत. खर्च खरा आहे. पण त्यावर आणखी काही चढतं, कारण जहाजावर शेजारी दुसरं यंत्र नसतं. आमच्याकडच्या पाड्यांवर तरी वेगळं काय आहे? एटीएम तालुक्याला, तेही कधी रिकामं, कधी बंद. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपल्या बँकेच्या यंत्रातून महिन्याला 5 वेळा मोफत, दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून मोठ्या सहा शहरांत 3 आणि बाकी ठिकाणी 5 वेळा मोफत. शिल्लक पाहिली तरी तीही मोजली जाते. त्यापुढे दर वेळी 21 रुपयांपर्यंत फी होती, ती 1 मे 2025 पासून 23 रुपयांपर्यंत झाली, कर वेगळा. फुफीच्या साध्या खात्यावर महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत आहे. गावातल्या दुकानात आधारवर अंगठा लावून पैसे काढता येतात. पण सुई-दोऱ्याने आणि भांड्यांनी तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्र दोन-तीनदा नाकारतं. मग मुरबाडला बँकेत जायचं, म्हणजे अर्धा दिवस शिलाई बंद. ही फी कुठल्याच पत्रकात छापलेली नसते.

आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. इथलं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाणी कागदावर तालुक्याचं, पण हंड्यात नाही. खात्यावरचा पैसा तसाच असतो. तो हंड्यात यायला हवा.

जहाज आणि रोख पैसा हे कोडं आपल्या बुजुर्गांनाही सोडवावं लागलं होतं. 1995 पर्यंत मुंबईहून हजची जहाजं सुटत. 'मोहम्मदी', 'मुझफ्फरी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही मोगल लाइनच्या जहाजांची नावं जुन्या घरांत अजून घेतली जातात. आमचे दादा साठच्या दशकात 'मुझफ्फरी'ने गेले होते. कमरेला बांधायची त्यांची कापडी हिमयानी आमच्या पेटीत आहे. त्या काळी हाजी लोकांना मिळणाऱ्या नोटाही वेगळ्या असत. आखातात भारतीय रुपया सर्रास चालायचा आणि त्याच्या आडून सोन्याची चोरटी आयात होऊन देशाचं परकीय चलन खर्ची पडायचं. म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हजसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या. रंग वेगळा आणि क्रमांकाआधी 'एचए' ही इंग्रजी अक्षरं. देशातल्या बाजारात त्या चालत नसत, सौदी अरेबियात बदलून रियाल घ्यायचे. तिकडे सौदी सरकारनेही 1953 मध्ये हाजींच्या सोयीसाठी दहा रियालच्या कागदी पावत्या काढल्या होत्या. चांदीचे जड रियाल वाहायला नकोत, हा हेतू. पुढे त्या पावत्या बाजारात नोटेसारख्याच चालू लागल्या आणि त्या देशाच्या कागदी चलनाची सुरुवात तिथून झाली. हज ही मालाची ने-आण नव्हे, हे ओळखून दोन्हीकडच्या सरकारांनी प्रवाशाच्या हातात पैसा राहील याची तजवीज केली होती. आजही हज-उमराहला जाणाऱ्यांना रोख परकीय चलन नेण्याबाबत इतर प्रवाशांपेक्षा जास्त मोकळीक आहे.

आता आमच्याजवळच्या डॉलरबद्दल. अब्बांच्या आग्रहावरून निघण्याआधी आम्ही आसनगावहून लोकल पकडून कल्याणला गेलो आणि परवानाधारक चलन विक्रेत्याकडून 300 डॉलर घेतले. पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट दाखवावं लागलं. 50,000 रुपयांच्या आतली रक्कम असेल तर विक्रेत्याला रोख रुपये देता येतात, त्यापुढे बँकेतून द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी माणशी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, बाकीचे चलन-कार्डावर. हिशेबातला 85 चा बाजारभाव धरला तर दुकानदाराचा भाव 86 च्या आसपास पडतो. तीनशे डॉलरचे 25,800 रुपये आणि कर 46 रुपये. वरखर्च साडेतीनशेच्या आत. जहाजाच्या यंत्रातून त्याच तीनशे डॉलरला सतराशेवर गेले असते. कल्याणचं जाणं-येणं धरूनही फरक मोठा आहे.

वही मिटल्यावर अब्बांनी त्यातले चाळीस डॉलर फुफीसमोर ठेवले. तिने हात मागे घेतला.

"भाईजान, देणगी नको."

"देणगी कोण देतंय? बदलून घे. तुझ्याकडे रुपये आहेत ना?"

मग कल्याणच्या भावाने हिशेब झाला. चाळीस डॉलरचे 3,440 रुपये तिने मोजून दिले, एक रुपया कमी नाही. फी नाही, कर नाही. घरच्या माणसाइतकं स्वस्त एटीएम दुसरं नाही, पण त्यानेही भावाने हिशेब करून दिलं तरच समोरच्याची मान ताठ राहते. हे अब्बांना न सांगता कळलं. आम्हाला ते त्या वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं वाटलं.

त्या दिवशी जहाज मस्कतला लागलं. मत्राहचा जुना बाजार बंदरासमोरच आहे. ओमानचा रियाल फार मोठा, एका रियालला सुमारे 2.60 डॉलर लागतात. तिथले दुकानदार डॉलर घेतात, पण भाव त्यांचा, म्हणून फुफीने आधी तीस डॉलर बदलून रियाल घेतले. लोबान घेतला, नातीसाठी बांगड्या घेतल्या, घासाघीस केली आणि आम्हा सगळ्यांना चहा पाजला. भावाने खिशात हात घातला तेव्हा तिने डोळे वटारले. जहाजावर परतल्यावर उरलेले दहा डॉलर तिने त्या खोली झाडणाऱ्या मुलाच्या हातावर ठेवले. आपोआप कापलेली बक्षिसी वाटणीत जाते आणि कुणाला किती मिळते ते प्रवाशाला दिसत नाही. हातावर ठेवलेली नोट मात्र त्या माणसालाच मिळते.

त्या मुलाचंही एक खातं कुठेतरी असेल आणि त्याच्या घरचेही कुठेतरी यंत्रासमोर उभे असतील. कोकणात आणि आपल्या जिल्ह्यातही जहाजावर नोकरी करणारी मुलं आहेत. त्यांच्या घरच्यांसाठी एक माहिती. खलाशांच्या कामाबाबतचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा, त्यातला काही भाग थेट घरी पाठवण्याची सोय असावी, तिची फी वाजवी असावी आणि चलनाचा भाव खलाशाच्या तोट्याचा नसावा, असं त्यात आहे. अनेक जहाजांवर पगार कार्डावर जमा होतो आणि ते कार्ड वापरण्याची फी वेगळी पडते. मुलगा नोकरीवर चढताना पगार किती हे आपण विचारतो. तो घरी पोहोचेपर्यंत किती उरतो, हेही विचारावं.

सहलीला, हजला, उमराहला किंवा मुलांकडे परदेशी जाणाऱ्या घरांनी काही गोष्टी आधी उरकाव्यात. आपलं कार्ड परदेशात चालतं का, ते बँकेत विचारून सुरू करून घ्यावं. 2020 पासून नवीन कार्डावर परदेशी वापर आपण सुरू केल्याशिवाय होत नाही. बँक दर वेळी किती आणि टक्क्याने किती घेते, ते लिहून घ्यावं. जहाज कंपनीला तीन प्रश्न विचारावेत: खोलीचं खातं कोणत्या चलनात, रोख अनामत चालते का, आणि यंत्राची फी किती. थोडं परकीय चलन इथूनच घ्यावं, पाच-दहाच्या सुट्या नोटांसह. परत आल्यावर उरलेल्या नोटा 2,000 डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या 180 दिवसांत परत कराव्या लागतात.

यातलं सगळं जमलं नाही तरी एक गोष्ट जरूर करावी. निघण्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात, विशेषतः अम्मीच्या, दादीच्या, विधवा बहिणीच्या हातात, तिथे चालेल असा थोडा पैसा तिचा म्हणून द्यावा. तिचे असतील तर तिचेच बदलून द्यावेत. खर्चाचा हिशेब मागू नये.

जहाजाचं तिकीट प्रत्येकाच्या नशिबात नसतं, पण हा नियम घराला तसाच लागू पडतो. मोबाईलवर पैसे देणारा मुलगा घरात आहे म्हणून आईचं पाकीट रिकामं राहिलं तर ती रिक्षाही त्याला विचारून करते, दारात आलेल्या गरजूला त्याला हाक मारून देते आणि हळूहळू "मला काही नको" म्हणू लागते. तिचं पेन्शन, तिची शिलाई, तिचा अंड्या-कोंबड्यांचा पैसा तिच्याच खात्यात जमा होत असेल तर महिन्यातून एकदा तिला बँकेत नेऊन तो तिच्या हातात आणून द्यायला एक सकाळ लागते. शहापूर असो की मुरबाड, एवढी फी मुलांनी भरायला हरकत नाही.